गिरणी शनिवारी बंद ठेवू की रविवारी? ख्रिस्ती माणसाला शब्बाथ (शास्त्रातला विसाव्याचा सातवा दिवस) लागू आहे का?

दळणवाला_सोलापूर

सर्वांना जय ख्रिस्त. प्रश्न जरा लांबलाय, पण घरात रोज यावरनं वाजतंय म्हणून सगळंच लिहितो.

माझी पिठाची गिरणी आहे, वडिलांपासूनची. आमच्या गल्लीत निम्मं गिऱ्हाईक पद्मशाली, बाकी लिंगायत, मराठा, मुसलमान. ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी. तरी रविवारी मामांची गिरणी बंद हे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. रविवारी सकाळी उपासना, दुपारी मटण-भाकरी, मग पडी. माझी आजी तर रविवारलाच शब्बाथ म्हणायची. मसाला शनिवारीच वाटून ठेवायची आणि रविवारी पाट्याला कुणाला हात लावू द्यायची नाही.

धंद्याच्या हिशोबानं रविवार बंद ठेवणं परवडत नाही. लोक त्याच दिवशी घरी असतात, निवांत ज्वारी निवडतात आणि डबा घेऊन येतात. शटर बघून "काय ओ मामा, आज पण बंद?" म्हणत पुढच्या गिरणीवर जातात. त्याचं मला काही वाटत नाही, वडिलांनाही वाटलं नाही.

आता मेहुणा. पुण्याला नोकरीला आहे आणि तिकडं शनिवारी उपासना करणाऱ्या मंडळीत जायला लागलाय. मागच्या वेळी आला तेव्हा ताटावरच सुरू झाला, "दाजी, दहातल्या नऊ आज्ञा पाळता आणि चौथीला दांडी मारता. देवानं सातवा दिवस सांगितला, तुम्ही पहिला धरून बसलाय. बदलायला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, पाळकसाहेबांना विचार. तर म्हणे, "पाळकांना कशाला, शास्त्रालाच विचारा की." बायको हळूहळू भावाच्या बाजूला सरकलीय, म्हणजे मतदान झालं तर मी पडणार.

वर त्यानं आणखी एक काढलं. यहुदी रब्बींनी शब्बाथाला मना असलेली ३९ प्रकारची कामं ठरवून दिलीत, त्यात दळणं आहे. नुसतं दळणं नाही, चाळणं आहे, मळणं आहे, भाजणंही आहे. माझा अख्खा धंदा आणि बायकोचं अख्खं स्वयंपाकघर त्यात आलं.

शनिवार पाळायचा म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून पाळायचा. आमचा खरा धंदा संध्याकाळी, बाया कामावरनं घरी आल्या की. थंडीत सहाच्या सुमाराला दिवस मावळतो, म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ हातची गेली. शनिवार गेला. शनिवारी दिवेलागणीला शटर वर करायचं. शिवाय रविवारी मंडळीत जाणं मी सोडणार नाही, म्हणजे तीही सकाळ गेली. आठवड्यात राहिलं काय?

आणखी एक बारकी गोष्ट. गिऱ्हाइकाला रविवार बंद असला तरी दगडाला टाकी लावायचं काम आम्ही रविवारी दुपारीच काढतो. दगड गुळगुळीत झाला की पीठ गरम पडतं, ज्वारीची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेनं चिरते. मग बाया डबा परत आणून आपटतात. मोटर बंद, पट्टा उतरवलेला, वरचा दगड उलथा, अशा वेळी मी आणि कामावरचा पोरगा छिन्नी-हातोडी घेऊन बसतो. आता हे काम धरायचं का नाही?

मला वचनांची लढाई नको. मेहुण्याकडं वचनं भरपूर आहेत, आमच्या पाळकांकडंही आहेत. ख्रिस्ती माणसाला शब्बाथ बांधील आहे का, असला तर कोणता दिवस, आणि नसला तर मी रविवारी गिरणी बंद का ठेवतो, एवढं कुणीतरी नीट सांगा.

थोडक्यात_बोलतो

कलस्सैकरांस पत्र, अध्याय २, ओव्या १६ आणि १७. सण, चंद्रदर्शन, शब्बाथ यांवरून कुणी तुमचा न्याय करू नये. या गोष्टी सावली आहेत, शरीर ख्रिस्ताचं आहे. मेहुण्याला पाठवा आणि शनिवारी बिनधास्त दळा.

सातवा_दिवस_पुणे

दळणवाले दादा, मी तुमच्या मेहुण्याच्याच बाजूचा, म्हणून आधीच सांगतो की तुमची गिरणी बंद पाडायला आलेलो नाही.

वरच्या भावांनी दिलेलं वचन आम्हालाही माहीत आहे. आमचं म्हणणं असं, की तिथं पत्र लिहिणारा प्रेषित पौल वर्षाच्या सणांबरोबर येणाऱ्या शब्बाथांबद्दल बोलतोय. आठवड्याचा शब्बाथ त्याच्या कितीतरी आधीचा. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव सातव्या दिवशी विसावला, तेव्हा इस्राएलही नव्हता आणि मोशेही नव्हता. रानात मान्ना, म्हणजे देवानं आकाशातनं दिलेलं अन्न, पडत होता तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलं, तेही सिनाय डोंगरावर दहा आज्ञा मिळण्याच्या आधी. मग हे नुसतं यहुद्यांचं कसं?

प्रभू येशू स्वतः परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात जायचा, लूक ४. त्याला वधस्तंभावरनं उतरवल्यावर बायांनी सुगंधी द्रव्यं तयार केली, पण शब्बाथ लागला म्हणून आज्ञेप्रमाणे विसावा घेतला आणि कबरेकडं पहिल्या दिवशी पहाटे गेल्या. येशूबरोबर इतकी वर्षं फिरलेल्या बाया या. आज्ञा रद्द झाली हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

इतिहासातही बघा. चौथ्या शतकात लावदिकीयाच्या धर्मसभेनं नियम केला की ख्रिस्ती लोकांनी शब्बाथाला रिकामं बसू नये, काम करावं. कुणी बसतच नसतं तर मनाई कशाला करावी लागली असती? इथिओपियाच्या जुन्या मंडळीत तर शनिवार आणि रविवार दोन्हींना आजवर मान आहे.

राहिला धंदा. पोरांच्या परीक्षा शनिवारी लागतात, नोकरीत शनिवारची पाळी लागते, अर्ज करकरून चपला झिजतात. सोपं आहे असं मी म्हणणार नाही. पण निर्गम ३४ मध्ये नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही विसावा घे असं स्पष्ट सांगितलंय. हंगाम आहे म्हणून सूट नाही.

दळणवाला_सोलापूर

दादा, तुम्ही मेहुण्यापेक्षा नीट बोलता. तो ताटावर बोलतो.

पण निर्गम ३५ मध्ये शब्बाथाला घरात विस्तव पेटवू नका असंही आहे. मग तुमच्याकडं शनिवारी गॅस पेटतो का? खोचून विचारत नाही, खरंच विचारतोय.

सातवा_दिवस_पुणे

पेटतो. चहा होतो, शुक्रवारचं गरम करून खातो. मोठा स्वयंपाक आदल्या दिवशी उरकतो. ज्या त्या घरावर आहे.

निवृत्त_मास्तर

मीही सोलापूरचाच. शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळं थोडं लांबेल.

"ज्या त्या घरावर आहे" हे वाक्य महत्त्वाचं आहे, त्याकडं शेवटी येतो. आधी लूक ६. शब्बाथाच्या दिवशी शिष्य शेतातनं जाताना कणसं मोडतात आणि हातावर चोळून खातात. सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. हुरडा खाताना आपण तळहातावर कणीस चोळतो, फुंकर मारून कोंडा उडवतो आणि दाणे तोंडात टाकतो. आगटी सोडली तर शिष्यांनी अगदी तेच केलं. दुसऱ्याच्या रानातलं खाल्लं अशी तक्रार नव्हतीच, कारण शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात शेजाऱ्याच्या शेतातली कणसं हातानं मोडायला परवानगी आहे, फक्त विळा लावायचा नाही. तक्रार होती शब्बाथाला न करण्याचं काम केल्याची. कणीस मोडलं म्हणजे कापणी झाली आणि चोळलं म्हणजे मळणी! दळणवाल्यांची ३९ कामांची यादी याच विचारातनं आलेली.

येशूनं काय उत्तर दिलं? दाविदानं भूक लागल्यावर फक्त याजकांनी खायची समर्पित भाकरी खाल्ल्याची आठवण दिली. मार्क जोडीला सांगतो की शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नाही. इथं दोन्ही बाजूचे लोक घाई करतात. शब्बाथ गेला असं येशू म्हणत नाही, आणि यादी बरोबर आहे असंही म्हणत नाही. भुकेल्या माणसाच्या बाजूनं उभा राहतो.

आता दिवसाचं. रविवार म्हणजे शब्बाथाची बदली झालेली जागा, हे आपल्याकडं इतकं मुरलंय की कुणी तपासत नाही. पहिली मंडळी आठवड्याच्या पहिल्या दिवशी जमायची ती प्रभू त्या दिवशी उठला म्हणून. त्या दिवशी कुणाला सुट्टी नव्हती. त्यांच्यात गुलाम होते, हमाल होते, धन्याला सांगून रजा मिळायची नाही. प्रेषितांची कृत्ये २० मध्ये त्रोवसची सभा बघा. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलतोय आणि खिडकीत बसलेला तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरनं खाली पडतो. दिवसभर राबून आलेला असावा असं मला नेहमी वाटतं, शास्त्रात तसं लिहिलेलं नाही. पुढं इ.स. १५० च्या सुमारास जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक रविवारच्या सभेचं वर्णन करतो. वाचन, बोध, प्रार्थना, भाकर, गरिबांसाठी वर्गणी, सगळं आहे. काम बंद ठेवण्याचा शब्दही नाही.

काम बंद झालं ते इ.स. ३२१ मध्ये, कॉन्स्टन्टाईन बादशहाच्या हुकुमानं. शहरातली न्यायालयं आणि कारखाने रविवारी बंद, खेड्यातल्या शेतकऱ्याला मात्र सूट, कारण पेरणीचा दिवस हुकला तर हुकला. म्हणजे दळणवाले, तुम्ही शहरात म्हणून तुमच्या गिरणीला टाळं आणि मोहोळच्या शेतकऱ्याला मोकळीक.

तुमच्या आजीचा कडक रविवार आणखी वेगळ्या वाटेनं आला. इंग्लंडातल्या प्युरिटन या कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट लोकांनी सतराव्या शतकात चौथी आज्ञा उचलून सगळी रविवारवर ठेवली. त्यांचेच वारस अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये वाढले, आणि त्यांच्यातले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. तेच अमेरिकन मराठी मिशन पुढं अहमदनगरला आणि आपल्या सोलापूरला आलं. मसाला शनिवारीच वाटून ठेवायचा ही शिस्त त्यांची. वाईट होती असं मी म्हणत नाही, मी तिच्यातच वाढलो. पण ती शिस्त प्रेषितांची म्हणून मेहुण्यापुढं टाकू नका, तो तुम्हाला चीत करेल.

मग मेहुण्याचं बरोबर का? मला नाही वाटत. प्रेषित १५ मध्ये यरुशलेमात मोठी सभा भरली, परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर काय लादायचं यावर. मूर्तींचं नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म यांपासून दूर राहा म्हणाले. यादीत शब्बाथ नाही. ज्या ग्रीक गुलामाला शनिवार म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं त्याला ही बांधील आज्ञा असती, तर तिथंच सांगायला हवी होती. कलस्सैमधलं वचनही वार्षिक शब्बाथांपुरतं नाही. सण वर्षाचा, चंद्रदर्शन महिन्याचं, शब्बाथ आठवड्याचा, अशा क्रमानं जुन्या करारातही हे तिन्ही एकत्र येतात. रोमकरांस १४ मध्ये तर पौल म्हणतो, कुणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा अधिक मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकानं आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. सातवा_दिवस यांनी गॅसबद्दल जे सांगितलं ते नेमकं हेच. मग हीच सूट दिवसाला का नको?

पण इथं थांबलो तर थोडक्यात_बोलतो यांच्यासारखं होईल. दहा आज्ञा दोनदा आल्यात. निर्गम २० मध्ये शब्बाथाचं कारण सृष्टीची उत्पत्ती. अनुवाद ५ मध्ये कारणच वेगळं दिलंय: तू मिसर देशात दास होतास, म्हणून तुझ्या दासाला आणि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. बैलाला, गाढवाला, वेशीच्या आतल्या उपऱ्यालासुद्धा. ही आज्ञा ज्याच्याकडं माणसं कामाला आहेत त्याला आहे. वार कोणता यावर भांडणारे लोक इथं गप्प होतात.

आपल्या देशात कापड गिरण्यांच्या कामगाराला रविवार मिळाला तो कुठल्या बिशपामुळं नाही. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्यानं सहा वर्षं झगडून १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणी मालकांकडनं तो कबूल करून घेतला. रविवार खंडोबाचा वार आहे, हेही त्यांनी मागणीत मांडलं होतं. माझे वडील सोलापुरात साच्यावर होते. त्यांना रविवारी उपासनेला बसता आलं ते लोखंड्यांच्या खटपटीमुळं, आणि खंडोबामुळं म्हणा हवं तर.

तेव्हा टाकीचं उत्तर असं. तुम्ही हौसेनं दगडापुढं बसलात तर मी पाप म्हणणार नाही. पण त्या पोराला आठवड्यात पुरा दिवस कधी मिळतो, ते सांगा.

लातूरची_लेक_पुण्यात

मास्तरांचं पटलं, एक भर घालते.

निर्गम २० ची यादी मोठ्यानं वाचा. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझे पशू, तुझ्या वेशीच्या आतला उपरा. बायको कुठाय? पंडित लोक सांगतात की 'तू' मध्ये ती आलीच. असेल. आमच्या घरात मात्र ती यादीत नसल्यासारखीच वागवली जाते. उपासना साडेदहाला सुटते, पाहुणे अकराला, एक किलो मटण, पंधरा-वीस भाकऱ्या, आणि सगळे हॉलमध्ये पाळकांच्या बोधावर चर्चा करतायत. विसाव्यावर बोध असला की चर्चा जास्तच रंगते.

शनिवारवाल्यांची एक गोष्ट मला आवडली, स्वयंपाक आदल्या दिवशी. सोलापूरवाल्यांना तर अवघड जाऊ नये. तुमच्याकडं कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे, आठवडाभर बिघडत नाही. रविवारी मटण हवंच हे कुठल्या अध्यायात लिहिलंय?

अलिबागकर

विषय यहुद्यांचा निघाला आणि गिरणीचाही, म्हणून लिहितो. आमच्या कोकणात बेने इस्राएल लोक शेकडो वर्षं राहिले. घाण्यावर तेल गाळायचा त्यांचा पिढीजात धंदा, बोली मराठी, पोशाख आपला. शनिवारी घाण्याला बैल जुंपायचे नाहीत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. बाहेरच्या यहुद्यांशी त्यांचा संबंध फार काळ तुटलेला होता, पुष्कळशी प्रार्थना विसरली होती, पण शेमा ही देव एकच आहे सांगणारी मुख्य प्रार्थना राहिली, सुंता राहिली आणि शनिवार राहिला. पुढं बरेचसे मुंबईला गेले, मग इस्राएलला.

त्यांचा दिवस त्यांच्याकडनं उसना घेऊन आपण त्यावरनं एकमेकांना कमी-जास्त ख्रिस्ती ठरवतो, हे मला बरं वाटत नाही. निर्गम ३१ मध्ये देव म्हणतो की हा माझ्यात आणि इस्राएल लोकांत खूण आहे. मी तो तिथंच ठेवतो. पण बैल सोडलेला घाणा मला आवडतो.

दळणवाला_सोलापूर

सगळ्यांचे आभार. दोन-तीन रात्री बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. लातूरच्या ताईंचं दोनदा वाचायला लावलं.

मास्तर, पोराचं सांगतो. तो रविवारी दुपारी टाकीला येतो, बाकी सहा दिवस दळणाला. मी त्याला विचारलं, सुट्टी कधी पाहिजे? म्हणाला, सोमवारी, सिद्धेश्वराला जायचं असतं. मग ठरलं, सोमवार त्याचा. सोमवारी मी एकटा वजनही करीन आणि दळीनही, गर्दी झाली तर गिऱ्हाइकानं आपला डबा आपण उचलायचा. टाकी आता मंगळवारी दुपारी. एक ते चार आमच्याकडं उन्हात कुत्रं फिरकत नाही, तेवढ्यात दोन्ही दगड होतात.

गिरणी रविवारीच बंद राहील. सातवा_दिवस दादा, तुमच्या लूक २३ मधल्या बायांनी मला विचारात पाडलं हे खरं, पण प्रेषित १५ ची यादी मला जास्त वजनदार वाटली. मेहुण्याला तसं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही माणसांचं ऐकता." मी म्हटलं, पौलाचं ऐकतोय. त्यानं फोन बहिणीला द्यायला सांगितला.

मटणाचं असं झालं, की मी म्हटलं मी करतो. बायको म्हणाली, तुम्ही केलेलं खाण्यापेक्षा शनिवारी रात्री मीच करून ठेवते, तुम्ही रविवारी गरम करा आणि भांडी घासा. म्हणजे आजीच्याच पद्धतीवर आलो, फक्त भांडी माझ्याकडं आली.

एक राहिलं. मेहुणा नाताळात राहायला येतोय, मध्ये शनिवार येणार. घर गिरणीच्या वरच आहे, मोटर लावली की भांडी थरथरतात. त्याच्या उपासनेच्या वेळेला काय करावं?

सातवा_दिवस_पुणे

दादा, आवाजाचं मनावर घेऊ नका, पुण्यात आमच्या उपासनेच्या शेजारी शनिवारी लग्नाचे डीजे वाजतात. तास-दीड तास सकाळी जमलं तर बंद ठेवा, नाहीतर राहू द्या. फक्त गर्दी झाली म्हणून त्याला काट्यावर वजन करायला बसवू नका. तो नाही म्हणणार नाही, आणि नंतर मला फोन करेल.